धारेचा हात

"सगुणा, जरा धर गं हिला," आत्या म्हणाली आणि मी हातातला झाडू तिथंच टाकून आले.

आत्याला कुणी शेळी धरून दिलेली मी तोवर पाहिली नव्हती. ती खाली बसली की शेळी आपणहून मागचे पाय फाकवून उभी राहायची आणि डोळे अर्धे मिटून रवंथ करायची. त्या सकाळी मात्र पवळीनं चरवीला लाथ घातली होती. दूध मातीत सांडलं होतं आणि आत्या दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तिच्याकडे नुसती बघत होती.

मी पवळीची शिंगं धरली. आत्यानं सडाला हात लावला तशी ती अंगभर थरथरली.

"दुखतंय वाटतं तिला."

"दुखंल कशानं? काल सांच्याला गुमान उभी होती." आत्यानं एक धार तळहातावर घेतली आणि उजेडाकडे धरली. दूध पातळ होतं, भाताच्या पेजेवरच्या पाण्यासारखं, आणि त्यात भिजलेल्या साबुदाण्याएवढ्या गाठी होत्या. तिनं हात मातीवर झटकला. "नजर," ती म्हणाली. "त्या अनशीची. परवा दारात उभी राहून म्हनली नव्हं, काय कास हाय पवळीची म्हनून."

पवळीचं उरलेलं दूध तिनं हळूहळू पिळून काढलं, तिच्या पाठीवर हात फिरवला आणि शेजारच्या शेळीखाली जाऊन बसली.

ठकूबाई माझ्या वडिलांची सख्खी बहीण. तिच्या मुलाला, भिवाला, मला दिली, म्हणून ती सासूही झाली. पण मी तिला कधी 'सासूबाई' म्हटलं नाही आणि तिनंही म्हणू दिलं नाही. माळावरच्या आमच्या वस्तीवर वीस-बावीस शेळ्या होत्या, सगळ्या संगमनेरी, पांढऱ्या आणि तपकिरी. दोन वेळचं दूध फाट्यावरच्या हॉटेलात जायचं. शेती होती ती नावाला. भिवा मिळेल तेव्हा ट्रॅक्टर चालवायला जाई, पण घर उभं होतं ते शेळ्यांवर, आणि शेळ्या उभ्या होत्या त्या आत्याच्या हातावर.

तिचा हात पंचक्रोशीत माहीत होता. पहिल्या वेताची पाठ, म्हणजे तरणी शेळी, कुणाला हात लावू देत नसली की लोक आत्याला बोलवायला यायचे. ती जायची, शेळीच्या कानाशी काहीतरी पुटपुटायची, दोन बोटं दुधात बुडवून सडांना लावायची आणि धार सुरू व्हायची. अडलेली शेळी सोडवायलाही तीच. करडाची मान आत वळली असली तर बोटांनी चाचपून सरळ करायची. "आत आंधार आसतो," ती म्हणायची, "तिथं डोळं नाय चालत. हाताला दिसाय लागतं."

लग्न होऊन आले तेव्हा मला साधी चरवीही धरता येत नव्हती. आत्यानं मला शेजारी बसवून शिकवलं. अंगठा आत दुमडायचा, बोटं ओली ठेवायची. भांडं वाजलं नाही पाहिजे, फेस आला पाहिजे. मी काढायला लागले की शेळ्या दूध चोरायच्या आणि ती हसायची. "तुझा हात आजून परका हाय त्येंना," म्हणायची. मग मी मोळी आणायला जायचे आणि धारा तीच काढायची.

पवळीची अर्धी कास चार-सहा दिवसांत दगडासारखी झाली. आमच्याकडे या दुखण्याला दगडीच म्हणतात. आत्यानं हळदीचा लेप लावला, कडुलिंब उकळून शेक दिला, मिरच्या-मीठ ओवाळून चुलीत टाकलं. पवळी बरी होईल म्हणून रोज सकाळी पहिल्यांदा तिच्याच खाली बसायची. आत साठलेलं काढून टाकल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

मग तांबडी बिघडली. तिच्यामागून बांडी आणि बांडीची पाठ, दोघी एकदमच.

एके दिवशी फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानं दुधाचा कॅन भिवाकडे तसाच परत दिला. "चहा फुटतोय भिवा. दोन पातेली ओतली सकाळपासनं. गिऱ्हाईक शिव्या देतंय."

भिवा कॅन घेऊन घरी आला आणि अंगणात ठेवून तिथंच बसला. आत्यानं झाकण काढून वास घेतला. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती पाहिली. पण ती उठली ती थेट अनशीच्या वस्तीकडे गेली. मीही मागून धावले.

अनशी आमची शेजारीण. रांडाव बाई, तीन शेळ्यांवर दिवस काढणारी. आत्या तिच्या दारात उभी राहून ओरडली, "माझ्या दावणीवर काय केलंस गं तू? काय पुरलंस? बोल की!"

अनशी बाहेर आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आत्याबाई, मी कशाला करीन? माझीच नवी पाठ बिघडली न्हवं. तुमीच आला हुता न्हवं का धार लावून द्यायला. त्येच्या चौथ्या दिशी एक सड बंद पडला तिचा, आता दुसराबी चाललाय. माझ्यावर कुनी केलं म्हनू मी?"

"देवानं केलं. तुझ्या मनातलं बघून केलं," आत्या म्हणाली आणि माघारी फिरली.

अनशीचं ते बोलणं माझ्या कानावरून गेलं, पण आत उतरलं नाही. आमच्यापैकी कुणाच्याच उतरलं नाही.

पवळी मेली ती भर दुपारी. सकाळी तिनं पाला तोंडात घेतला नाही. कासेला हात लावला तर ती गार लागली, आणि कातडीवर निळसर डाग आला होता, कागदावर शाई सांडावी तसा. दुपारपर्यंत तो काळा पडला. आत्या तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पवळी गेल्यावरही ती बराच वेळ उठली नाही. तिचे हात पवळीच्या कासेवर होते, आणि मी जवळ गेले तेव्हा ती म्हणाली, "सगुणा, ह्या कासंनं भिवाला पाजलंय गं. म्हंजी हिच्या आज्जीच्या आज्जीनं. माझं दूध आटलं हुतं तवा."

दुसऱ्या दिवशी भिवा तालुक्याला जाऊन डॉक्टर कुलथ्यांना घेऊन आला. जनावरांचे सरकारी डॉक्टर, पन्नाशीचे, पोटावर सुटलेला शर्ट, आवाजात कायम थकवा. आल्याआल्या ते पाणी प्यायले नाहीत, चहा घेतला नाही. एकेका शेळीखाली वाकले आणि एका पांढऱ्या ताटलीच्या खणांत प्रत्येक सडाचं दूध घेतलं. त्यावर जांभळट औषध टाकून ताटली हलवली. काही खणांत दूध तसंच राहिलं. बऱ्याच खणांत ते घट्ट होऊन लोळागोळा झालं, शेंबडासारखं.

"या तिघी दिसायला चांगल्या आहेत, पण यांनाही लागण आहे," ते म्हणाले. "धारा कोण काढतं?"

"माझी आई," भिवा म्हणाला. त्या स्वरात नेहमीचा अभिमान होता. सवयीनं आला असावा.

"आजी, एक शेळी काढून दाखवता? रोज काढता तशीच."

आत्या खुशीनं बसली. डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले. तिनं दोन बोटं दुधात बुडवली, सडाला लावली, अंगठा आत दुमडला आणि सरसर धारा काढायला लागली. चरवीत फेस चढला. डॉक्टर शेळीकडे बघत नव्हते, तिच्या हातांकडे बघत होते.

"हाताला काय झालंय, आजी?"

आत्या हसली. "काय न्हाई, भेगा. थंडीत पडत्यात. ह्या अंगठ्याची लई दिवस भरत न्हाई. दूध लावते मी त्यात. शेळीच्या दुधानं भेगा मऊ पडत्यात."

"कुठलं दूध लावता?"

"जे हाताला आसंल ते. धार झाली की चोळायचं."

"आणि पहिल्यांदा कुठली काढता?"

"जी आजारी ती," आत्या म्हणाली. "तिला दुखतं न्हवं. लेकरांत बी जे आजारी त्याला आधी घास देतोच की आपण."

डॉक्टरांनी पेटी उघडली. इंजेक्शनं दिली, सडात भरायच्या नळ्या दिल्या, आणि निघताना मला गाडीपर्यंत या म्हणाले. भिवाही आला.

"ताई, नीट ऐका," त्यांनी हेल्मेट गाडीच्या टाकीवर ठेवलं. "हा रोग शेळीतून शेळीत आपोआप जात नाही. त्याला कुणीतरी न्यावं लागतं. आजी आधी आजारी शेळी काढतात, तेच दूध बोटांना लावून पुढच्या शेळीच्या सडाला लावतात. हाताला भेगा आहेत, त्यात पू आहे, आणि त्यात पुन्हा तेच दूध चोळतात. जंतूंना घर मिळालंय तिथं. अंगठा दुमडून काढल्यानं सडाला आतून इजा होते ती वेगळीच."

भिवा म्हणाला, "म्हंजी..."

"खात्रीनं नाही सांगत. पण हात थांबवून बघूया. आजींच्या हाताचं मी मलम लिहून देतो, त्यांनाही बरं वाटेल. तोवर धारा तुम्ही काढा, ताई. साबणानं हात धुवायचे. कास कोमट औषधाच्या पाण्यानं पुसायची, प्रत्येकीला वेगळं फडकं. पहिल्या दोन धारा काळ्या ताटलीत घेऊन गाठी दिसतात का बघायचं, जमिनीवर सोडायच्या नाहीत. मुठीनं काढायचं, अंगठ्यानं नाही. हात कोरडा. चांगल्या आधी, आजारी सगळ्यात शेवटी. पूर्ण रिकामी करायची आणि शेवटी सड या औषधात बुडवायचे." त्यांनी तपकिरी बाटली माझ्या हातात दिली. "आजींच्या हाताच्या भेगा भरल्या की त्यांनीही काढायला हरकत नाही. फक्त अशा पद्धतीनं."

गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघं उभे होतो.

"तू सांग," भिवा म्हणाला.

"तुमची आई हाय."

"म्हनूनच. माझ्या तोंडातनं न्हाई यायचं ते."

मी रस्ताभर वाक्यं जुळवत आले. म्हणावं, आत्या, तुझे हात दुखतात, आता मी काढते. म्हणावं, डॉक्टर म्हणाले आराम दे. घरी आले तर आत्या ओट्यावर बसली होती, हात पदरात गुंडाळून. तिनं विचारलं नाही की डॉक्टर काय म्हणाले. तिनं विचारलं, "माझ्या हातानं का?"

मी औषधाची बाटली कोनाड्यात ठेवायला वळले.

"सगुणा, माझ्याकडं बघ. तो माझ्या हाताकडं बघत हुता मगा. शेळीकडं न्हाई. माझ्या हातानं झालं का?"

"खात्री न्हाई म्हनले ते, आत्या. थांबवून बघू म्हनले. तुझ्या भेगांत जंतू हायेत, त्ये..."

"पवळी?"

मी मान खाली घातली.

"आनि तांबडी. बांडी. तिची पाठ." ती एकेक नाव घेत गेली. मग अनशीच्या वस्तीकडे तोंड करून म्हणाली, "अनशीची."

त्या संध्याकाळी ती अनशीच्या दारात गेली. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाली, तरी मी बांधापर्यंत गेले. अनशी शेळ्यांना पाला टाकत होती. आत्या तिच्या अंगणात खाली बसली, मातीतच. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. अनशीनं तिला हाताला धरून उठवलं, पाणी दिलं. "जाऊ द्या आत्याबाई, तुमी काय जानूनबुजून केलं का?" इतकं मला ऐकू आलं. पण आत्या वळली तेव्हा अनशीनं आपली जवळची शेळी हळूच दाव्यानं ओढून आपल्या मागं घेतली. मनात काही नसेल तिच्या. घाबरलेल्या बाईचा हात होता तो. आत्यानं ते पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून धारा मी काढायला लागले. पहिले काही दिवस फार वाईट गेले. शेळ्या मला पान्हा सोडीनात. मुठीनं काढायची सवय नव्हती, मनगटं सुजली. आत्या ओट्यावर बसून बघायची. सवयीनं एखादा शब्द तोंडून जायचा, "कान खाजव तिचा," "घाई नगो," आणि मग ती स्वतःलाच गप्प करायची.

सगळ्या झाल्या की विचारायची, "आज कुनाचं?"

म्हणजे आज कुणाची कास बिघडली, कुणाच्या दुधात गाठी आल्या.

"कुनाचं न्हाई," मी सांगायचे.

सुरुवातीला हे सांगताना मला आनंद व्हायचा. माझ्या आवाजात तो येतही असावा. जुन्या आजारी होत्या त्यांच्यातली बांडी सुधारली. तांबडीचं एक अंग कायमचं गेलं, पण दुसरं वाचलं. नवी एकही बिघडली नाही. हॉटेलवाल्यानं दूध पुन्हा सुरू केलं. भिवा एकदा संध्याकाळी हसला, आणि शेळ्यांना म्हणून गावातून गूळ घेऊन आला.

पण सकाळी मी "कुनाचं न्हाई" म्हणाले की आत्या मान हलवायची आणि तोंड दुसरीकडे करायची. आठवडे गेले तशी ती मान हलवायचीही थांबली. एकदा मी काळ्या ताटलीत धार घेत होते. दुधावर वाऱ्यानं उडालेला कोंड्याचा कण पडला, पांढरट. आत्या ओट्यावरून झटकन उठून माझ्यापर्यंत आली. "गाठ हाय का गं? गाठच हाय का?" मी तो कण बोटाच्या टोकावर घेऊन तिच्यापुढं धरला.

"कोंडा हाय, आत्या."

ती तिथंच उभी राहिली. मग स्वतःच्या तोंडावर एक चापट मारून घेतली, जोरात, आणि घरात गेली.

तेव्हा मला कळलं. एकही शेळी न बिघडता जाणारी प्रत्येक सकाळ तिला पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. एखादी तरी बिघडली असती, माझ्या हाताखाली, तर ते देवाचं झालं असतं, हवेचं झालं असतं, अनशीच्या नजरेचं झालं असतं. शेळ्या बऱ्या राहत होत्या आणि आत्या त्यामुळे दोषी ठरत होती. कुणी काही म्हणत नव्हतं. शेळ्याच म्हणत होत्या.

मलमानं तिच्या भेगा भरल्या. तिनं ते मलम कधी चुकवलं नाही. डॉक्टर पुन्हा आले तेव्हा त्यांनी तिचे हात उलटेपालटे करून पाहिले. "छान. एकदम स्वच्छ. आता काढा आजी धारा, सूनबाईनं शिकवलं तशा. साबणानं हात धुतले की झालं."

"बरं," आत्या म्हणाली.

काढल्या नाहीत. मी चरवी तिच्या पुढ्यात ठेवली तर ती उचलून माझ्याच हातात दिली. मग हळूहळू भाकरी थापायची सोडली. तव्यावरची उलटवायची, पण पीठ मळायची नाही. शेजारची एखादी बाई लेकरू घेऊन आली की आत्या हात पदराखाली घ्यायची. भिवा चिडला एकदा. "आये, डॉक्टर म्हनला न्हवं का, बरं झालंय म्हनून!"

"त्याला हाताचं कळतंय," ती म्हणाली. "माझं न्हाई."

बांडीची पाठ पुढच्या वर्षी पुन्हा गाभण राहिली. तीच ती, आईबरोबर बिघडलेली. औषधानं पूर्ण बरी झालेली. व्यायची वेळ आली तेव्हा भिवा आठवड्याच्या बाजाराला गेला होता. दुपारचं ऊन होतं. पाठ सकाळपासून कळा देत होती आणि पाणमोट फुटून बराच वेळ झाला तरी पुढं काही येत नव्हतं. एक पाय दिसत होता, फक्त एक.

"आत्या!" मी हाक मारली. "अडलीय गं."

आत्या गोठ्याच्या दारात आली. तिनं एका नजरेत पाहिलं. "मान वळलीय आत. पाय आत ढकल आदी, मग मान हाताला घे."

मी हात साबणानं धुतले, तेल लावलं आणि आत घातला. मला काही कळेना. सगळं ओलं, गरम आणि कोंडलेलं. एक पाय, मग दुसरा, तो त्याच करडाचा की दुसऱ्याचा, तेही कळेना.

"दोन हायेत गं. जुळं दिसतंय."

"पयल्याचं डोकं शोध. जबड्याखाली बोट घाल."

"न्हाई सापडत."

"डावीकडं बघ. बरगड्यांच्या मागं आसंल."

पाठ ओरडत होती. तिला कळ आली की आत माझी बोटं चेपून बधिर होत होती. मी हात बाहेर काढला. "आत्या, तू ये. मला न्हाई जमत. तू ये गं!"

ती दारातच उभी होती, दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून. तिची नखं लाकडात रुतली होती.

"ये की! मरंल ती!"

"मला न्हाई येता यायचं."

"आत्या, भरल्यात तुझ्या भेगा! डॉक्टर म्हनलेत! धू आनि ये!"

"सगुणा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका शांत होता की मला ओरडता येईना. "माझा हात लागला आनि ती मेली तर मी काय करू? आनि वाचली, आनि पुढच्या म्हैन्यात कास धरली तर? मग मी काय करू, सांग."

मी पुन्हा हात घातला. तिनं दारातून सांगितलं तसं करत गेले, वर, डावीकडं, आता खाली दाब, आता कळ जाऊ दे, आता ओढ. ती डोळे मिटून सांगत होती. हवेत तिची बोटं हलत होती, आतल्या करडाच्या जबड्याखाली जावीत तशी. शेवटी डोकं फिरलं. पहिलं करडू बाहेर आलं, मागून दुसरं. दोन्ही माद्या होत्या, पांढऱ्याशुभ्र. दोन्ही मेलेल्या. मी त्यांच्या तोंडातला चिकटा काढला, पाय धरून उलटं झुलवलं, छाती चोळली. एकीनंही श्वास घेतला नाही.

पाठ वाचली. जरा वेळानं उठून उभी राहिली आणि त्या दोघींना चाटायला लागली. मी तिथंच गवतावर बसून रडले. आत्या रडली नाही.

"कास भरलीय तिची," ती दारातून म्हणाली. "प्यायला कुनी न्हाई. तटून ऱ्हाईल. काढ."

मी हात धुतले. कास पुसली. पहिल्या दोन धारा ताटलीत घेतल्या. पिवळाधम्मक चीक होता, एकही गाठ नाही. मुठीनं काढत गेले.

"समदं काढ," आत्या म्हणाली. "मागं ठिवू नगो."

सड औषधात बुडवून मी उठले तेव्हा दारात कुणी नव्हतं. ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तिच्यासाठी चिकाचा खरवस केला, तो तिनं खाल्ला नाही.

त्यानंतर ती गोठ्याकडे फिरकली नाही. ओट्यावरची जागाही सोडली. फक्त सकाळी मी दूध घेऊन आत आले की कॉटवरून विचारायची, "आज कुनाचं?" पहिल्यांदा शब्दांनी, नंतर नुसतं डोळ्यांनी. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. तसा आजार काही नव्हता. गावातला डॉक्टर म्हणाला, वय झालं. ती अजून साठीची नव्हती. शेवटच्या सकाळीही तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी, काय म्हणणार होते दुसरं, म्हणाले, "कुनाचं न्हाई, आत्या."

याला आता पंचवीसेक वर्षं झाली. माझ्या दावणीला आज चाळीस शेळ्या आहेत. आसपासच्या बायका धारा काढायची रीत शिकायला येतात. मी त्यांना सगळं दाखवते. हात कसे धुवायचे, मूठ कशी धरायची, चांगली आधी का आणि आजारी शेवटी का. कुणीतरी विचारतंच, ताई, कधीच नाही का बिघडली हो तुमची एखादी? मी खरं तेच सांगते. त्या वर्षापासून एकदाही नाही.

एक तरी बिघडायला पाहिजे होती. ती असेपर्यंत, एक तरी.